थोरला, धाकटा आणि आक्काचा फोटो

पुण्याहून माझं माहेर एसटीने एका दिवसात गाठता येतं. आम्ही चौथ्या दिवशी पोहोचलो. का, ते सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कुणी फोटोग्राफर भाच्याबरोबर निघणार असेल तर आधीच दहा वेळा विचार करेल.

माझा भाचा सुधीर, धाकट्या भावाचा मुलगा. पुण्यात एका जाहिरात कंपनीत फोटो काढायची नोकरी करतो. नव्व्याण्णव सालचा डिसेंबर होता. त्याच्या ऑफिसात एक डिजिटल कॅमेरा होता, चार-पाच वर्षांपूर्वी परदेशातून आणलेला. आता एका विक्रेत्याने नवा कॅमेरा आठवडाभर वापरून बघायला दिला होता. दोन्हीला रोल लागत नाही. आत पत्त्याएवढं कार्ड असतं, फोटो त्यात साठतात आणि मग कॉम्प्युटरवर दिसतात. साहेबांनी सुधीरला सांगितलं होतं, दोन्ही घेऊन फिर, तीच माणसं, तीच जागा, तोच उजेड, दोन्हींनी फोटो काढ आणि कुठला बरा ते लिहून दे.

मी म्हटलं, फिरायचंच आहे तर माझ्या माहेरी चल. जामखेडच्या पलीकडे माझी थोरली बहीण राहते, आक्का. मला तिचा फोटो पाहिजे होता. आमची आई गेली त्याला तेवीस वर्षं झाली. तिचा एकही फोटो नाही. पुण्यानुमोदनाला सगळं गाव विहारात जमलं आणि ठेवायला फोटो नाही म्हणून नुसती फुलं ठेवली. आता मी डोळे मिटले की आईचं नाक आठवतं, कपाळ आठवतं, हनुवटी काही केल्या आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात आक्काला कावीळ झाली. बरी झाली, पण तेव्हाच मी ठरवलं होतं, की आक्काचा फोटो काढायचाच. तिचाही एकही फोटो नव्हता.

सुपा

पहिल्या दिवशी नगरच्या रस्त्यावर सुपा आलं आणि सुधीर उठून उभा राहिला. म्हणाला, "आत्या, उतरू या. शेड बघ कशा चमकतायत." मी बाहेर बघितलं. माळरानावर पत्र्याच्या शेड. पुण्यात काय कमी आहेत? पण उतरलो.

तिथे मी ते दोन्ही कॅमेरे पहिल्यांदा नीट बघितले. जुना म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला आणि पाठीला वीट चिकटवावी तसा. उचलला तर माझं मनगट वाकलं. नवा आटोपशीर, आणि त्याच्या पाठीवर छोटी काच. फोटो काढला की लगेच त्या काचेत दिसतो. जुन्याला तसलं काही नाही. काढायचा आणि पुण्याला जाऊन कॉम्प्युटर लावेपर्यंत वाट बघायची. मी जुन्याला थोरला म्हणायला लागले आणि नव्याला धाकटा. सुधीरला पहिल्यांदा हसू आलं, मग तोही तेच म्हणायला लागला.

कारखान्यांची पाळी सुटली होती. टपरीवर पाच-सहा कामगार चहा पीत होते. सुधीरने त्यांना रांगेत उभं केलं. एकाने खिशातून कंगवा काढला, तो सगळ्यांच्या केसांतून फिरला. हात सरळ, मान सरळ, श्वास धरलेला. सुधीरने थोरला उचलला. खटाक् असा मोठा आवाज झाला. तो थोरला खाली ठेवून धाकटा गळ्यात अडकवतो तोवर रांग गेली. कुणी बशीत चहा ओतत होतं, कुणी सायकल काढत होतं.

"अहो थांबा, अजून एक आहे," सुधीर म्हणाला.

"आता कशाला? झाला की," कंगवेवाला म्हणाला.

"ह्या कॅमेऱ्याने राहिलाय."

"त्या मोठ्यानं काढला न्हवं? मग बारक्यानं कशाला?"

ह्यात त्यांची काय चूक, सांगा. आपल्याकडे स्टुडिओत फोटो म्हणजे एक आवाज. आवाज झाला की फोटोग्राफर म्हणतो झालं, आणि आपण धरलेला श्वास सोडतो. दुसऱ्यांदा बसायचं हे कुणाच्या डोक्यातच नसतं. सुधीरने सगळ्यांना परत बोलावलं, चौघे आले, दोघे आलेच नाहीत, आणि जे आले ते हसत होते. म्हणजे थोरल्यात सहा माणसं खांबासारखी आणि धाकट्यात चार माणसं दात काढून. साहेब काय तुलना करणार, डोंबल?

मी म्हटलं, "सुधीर, आधी धाकट्याने काढ. त्याचा आवाज बारीक आहे, त्यांना कळणार नाही."

म्हणाला, "आत्या, क्रम बदलला तर कसं चालेल? पद्धत असते."

हा पद्धतवाला मला रात्री नगरला घेऊन गेला. माझ्या जुन्या शेजारणीकडे उतरलो. तिने गरम पिठलं आणि ज्वारीची भाकरी घातली, म्हणून त्या दिवशी माझ्या हातून तो वाचला.

हिवरे बाजार

दुसऱ्या दिवशी हिवरे बाजार. ह्या गावाबद्दल मी ऐकून होते, बघितलं नव्हतं. टेकड्यांना आडवे चर खणलेले, चरांच्या कडेने झाडं. डिसेंबरात विहिरीत डोकावलं तर पाणी हाताला लागेल असं वाटलं. आमच्या जामखेडकडे डिसेंबरात विहिरीत डोकावलं तर कबुतरं उडतात. मी काठावर उभी राहून किती वेळ नुसतं पाणी बघत होते. सुधीर म्हणाला, "आत्या, सरक, सावली पडतेय."

एक धोतरातले तात्या आले. आधी विचारलं कुठले, कशाला, ग्रामपंचायतीत सांगितलं का. आम्ही सांगितलं नव्हतं. मग त्यांच्याबरोबर जाऊन सांगून आलो. मला ते आवडलं. आमच्या गावात कुणीही येतं आणि कुणाच्याही अंगणात उभं राहतं.

तात्यांच्या घरी चहा झाला. चहा कसला, दुधात पत्ती दाखवलेली. आमच्याकडे ह्या दिवसांत शेळीचं दूध मिळालं तरी पुष्कळ. तात्यांची सून दुधाची किटली घेऊन डेअरीकडे निघाली होती. सुधीरने तिला विनवून थांबवलं. ती डोक्यावर पदर घेऊन नीट उभी राहिली. खटाक्. आणि ती चालायला लागली.

"ताई, अजून एक."

"दूध नासलं मंजी तुमी भरनार व्हय?" ती मागे न बघता म्हणाली.

धाकट्यात तिची पाठ आली आणि किटली आली. तात्या काचेत बघून म्हणाले, "किटली झ्याक आलीय."

मी हसले. सुधीर हसला नाही.

जामखेड

तिसरा दिवस जामखेडच्या लॉजवर गेला, कारण बॅटऱ्या. नगरपासून इकडे रस्ता जसा कोरडा होत जातो तसा मला घरी आल्याचा वास येतो. काळी ढेकळं, बोरी-बाभळी, मधे ज्वारीचे पट्टे. उसाला गेलेल्यांची घरं कुलूप लावलेली, दारात एखादी म्हातारी राखणीला. सुधीरला ह्यातलं काही दिसत नव्हतं. तो थोरल्याचा चार्जर आणि धाकट्याचा चार्जर घेऊन खोलीत बसला होता. खोलीत प्लग एकच. आधी थोरला भरला, त्याची बॅटरी पोटातच असते. मग धाकट्याच्या दोन सुट्या बॅटऱ्या, एकीमागून एक.

मी खालच्या हॉटेलात भजी खाल्ली, बाजारातून आक्कासाठी खारीक घेतली, परत आले, तरी हा तिथेच. म्हटलं, "एवढी तर मी बाळंतिणीची उसाभर केली नव्हती."

म्हणाला, "आत्या, धाकटा फार खातो. ती काच आहे ना, तीच सगळं पिऊन टाकते."

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

माहेर

चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता गावात उतरलो. गावात जाऊन-येऊन एकच एसटी. सकाळी दहाला जामखेडकडे निघते आणि तीच बाराला माणसं घेऊन परत येते. सुधीरला परवा ऑफिसात हजर व्हायचं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दहाची गाडी धरायलाच हवी. आक्काचा मुलगा साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, तो तिकडेच होता. घरात सून, शालन. तिने जय भीम केला, पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, "आत्याबाई शेतात हायेत. ज्वारी हुरड्यात आलीय, पाखरं राखत्यात. दिवस बुडाल्याबिगर यायच्या न्हाईत."

मी सुधीरला म्हटलं, "चल, आत्ताच जाऊ."

"आत्ता ऊन डोक्यावर आहे, आत्या. डोळ्यांखाली काळं येईल. चारला जाऊ."

आणि चार वाजेपर्यंत ह्याने काय केलं? शालनचा फोटो दोन्हींनी काढला आणि तिला धाकट्याच्या काचेत दाखवला. शालनने शेजारणीला हाक मारली. शेजारणीने तिच्या जावेला. अर्ध्या तासात सगळी आळी अंगणात. ज्याचा काढेल त्याला दाखव, ज्याला दाखवला त्याच्या बहिणीला दाखव, एक म्हातारी तर स्वतःचा फोटो तीनदा बघून गेली आणि चौथ्यांदा चष्मा घेऊन आली.

मी दोनदा सांगितलं, "सुधीर, बॅटरी."

"दुसरी आहे, आत्या."

चारला आम्ही निघणार तेवढ्यात धाकट्याने डोळे मिटले. दुसरी बॅटरीही संपली होती. मी म्हटलं, लाव मग चार्जिंगला. शालन म्हणाली, "लाईट कुठनं आनायची? डीपी जळून चार दिस झाले."

मी ओसरीत बसले. शेतात जायला उठावंसंच वाटेना.

"थोरला आहे की," सुधीर हळूच म्हणाला. "त्याची बॅटरी भरलेली आहे."

दिवस मावळता आक्का आली. खांद्यावर गोफण, ओच्यात कणसं. माझ्या तोंडावरून हात फिरवला, सुधीरच्या तोंडावरून फिरवला, म्हणाली, "बापावानी कपाळ हाय." मी लगेच विषय काढला. म्हटलं, आक्का, उद्या सकाळी तुझा फोटो काढायचा.

तिने सुधीरकडे बघितलं. "रोल हाय का ह्याच्यात?"

सुधीर खरं बोलणारा मुलगा. म्हणाला, "नाही आत्या, ह्याला रोल लागतच नाही."

"मग न्हाई," आक्का म्हणाली आणि भाकरीला बसली.

सुधीरला कळेना. मी त्याला सांगितलं. आक्काच्या मुलाच्या लग्नात जामखेडहून फोटोवाला आणला होता. दिवसभर त्याने बत्ती चमकवली. हळदीला उभं केलं, पंगतीत उभं केलं, आक्काला नव्या काळ्या लुगड्यात एकटीला बसवून काढला. आठ दिवसांनी निरोप आला, रोल कॅमेऱ्यात लागलाच नव्हता. लग्नातला एक फोटो नाही. तेव्हापासून आक्का कॅमेरा दिसला की हेच विचारते.

सुधीर उत्साहाने पुढे सरसावला. "आत्या, ते दिवस गेले. आता फोटो ह्या कार्डात राहतो." आणि थोरल्याच्या पोटातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

आक्काने कार्ड चिमणीजवळ नेलं, उलटंसुलटं बघितलं. "ह्याच्यात शालनचा हाय?"

"आहे."

"कुठं हाय? दिसत तर न्हाई."

"असा नाही दिसत. कॉम्प्युटर लागतो."

"त्यो बी असंच म्हनला हुता. धुतल्याबिगर दिसत न्हाई म्हनला." तिने कार्ड परत दिलं. "शालनला दुपारी त्या दुसऱ्यात दिसला म्हनं. त्यो आन."

मी सुधीरकडे बघितलं. सुधीरने जमिनीकडे बघितलं. त्या पोराला तेव्हा काय काय ऐकवावंसं वाटलं ते इथे लिहीत नाही.

सकाळी सहाला आक्का शेतात गेली. आम्ही तिच्या मागे. आक्काने गोवऱ्यांची आगटी केली, कणसं भाजली, तळहातावर चोळून गरम हुरडा आमच्या हातात दिला, वर शेंगदाण्याची चटणी. पुण्यात हल्ली हुरडा पार्टी म्हणून गाडीने लोक जातात, तिथे हुरड्याबरोबर शेव देतात. हा हुरडा तसा नव्हता. पण माझं लक्ष घड्याळाकडे. साडेसात झाले होते आणि आक्का राखणीच्या माळ्यावर चढून गोफण फिरवत होती.

"आक्का, खाली ये. दहाची गाडी आहे."

"मग जावा की. मी कुठं धरलंय?"

"फोटो."

"रिकाम्या डब्यापुढं मी दोनदा बसायची न्हाई."

मला राग आला. खरंच आला. मी चार दिवस ह्या मुलाच्या मागे फिरले, गुडघे धरून एसटीत चढले-उतरले, आणि आता ही माळ्यावर. मी खालून ओरडले, "मी काय हौस म्हणून आले व्हय? आईचा फोटो न्हाई. मला तिची हनुवटी आठवत न्हाई, आक्का. तू कावीळ घेऊन पडली हुतीस तवा मी पुन्यात बसून तुझं तोंड आठवत हुते, आनि तेबी नीट आठवंना."

गोफण थांबली. ज्वारीवर पाखरं उतरली तरी ती बघेना.

मग म्हणाली, "आईची हनुवटी बारीक हुती. मधी खळगा हुता." थोड्या वेळाने म्हणाली, "शालनला म्हनावं, पेटीतलं काळं लुगडं घिऊन ये. फोटो न्हाई आला तर न्हाई आला. तू एवढी आलीस म्हनून बसते."

शालन लुगडं घेऊन आली. त्याच लग्नातलं, घडीच्या रेघा उमटलेलं. आक्का ज्वारीच्या आडोशाला जाऊन नेसून आली. सुधीर म्हणाला, घराच्या दारात बसा, तिथे उजेड मऊ आहे. ती म्हणाली, "पाखरं तुझा बा राखनार?" आणि तिथेच माळ्याच्या पायाशी बसली. गुडघ्यांवर हात, पदर कानामागे. डोळे सुधीरवर नव्हते, माझ्यावर होते.

खटाक्.

आक्का उठली. थोरला पुढच्या फोटोला तयार व्हायला जरा वेळ घेतो. सुधीर म्हणाला, "आत्या, अजून एक, थांबा." तोवर ती माळ्याच्या दुसऱ्या बल्लीवर पाय ठेवून चढत होती, काळ्या लुगड्यातच. एकच फोटो झाला, आणि तो आला की नाही हे सांगायला काच नव्हती. दहाची गाडी धरली, आणि पार नगर येईपर्यंत मी सुधीरशी बोलले नाही.

पुण्यात परत

दोन दिवसांनी सुधीर मला त्याच्या ऑफिसात घेऊन गेला. कॉम्प्युटरवर थोरल्याचे फोटो एकेक करून वरून खाली उतरत होते, पडदा सोडल्यासारखे. सुप्याचे कामगार उतरले. तात्यांची सून उतरली. मग ज्वारीची कणसं, माळ्याची बल्ली, आणि मग आक्काचं कपाळ. मी खुर्ची पुढे ओढली. नाक आलं, तोंड आलं, हनुवटी आली. सगळी आक्का आली. माझ्यावर रागावलेली, जशीच्या तशी.

आणि खाली लुगडं डाळिंबी.

"हे काय रे?"

सुधीरने कपाळावर हात मारला. थोरल्याचा हा दोष त्याला माहीत होता. काही काळे कपडे त्याच्यात लालसर येतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड तो पकडतो, असं काहीतरी त्याने समजावलं. धाकट्यात असं होत नाही. कामगारांमधल्या एकाची काळी पँट त्याने दोन्हीत दाखवली. धाकट्यात काळी, थोरल्यात गंजकी.

"म्हणजे ह्याचं चेहऱ्यावर लक्ष आणि कपड्यावर नाही," मी म्हटलं.

"मी रंग दुरुस्त करून देतो, आत्या. थोडा वेळ लागेल."

मी थांबायला तयार नव्हते. ह्या मुलाचं थोडा वेळ म्हणजे काय ते मी चार दिवस बघितलं होतं. मी आहे तसाच कागदावर काढून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टात टाकला.

सुधीरने साहेबांना लिहून दिलं की धाकटा घ्यावा, पण बॅटऱ्या चार घ्याव्यात. हे त्याला कुठे कळलं ते तुम्हाला माहीत आहे.

तीन आठवड्यांनी शालनचं पत्र आलं. तिचं अक्षर चांगलं आहे. ते असं:

'फोटो पोचला. आत्याबाईंनी खिडकीपाशी नेऊन पाहिला. उलटा करून मागूनही पाहिला. मग म्हणाल्या, तोंड माझंच हाय. मग म्हणाल्या, लुगडं कुणाचं हाय? मी म्हटलं रंग चुकला असंल. त्यांनी फोटो पेटीत ठेवला. बायका बघायला आल्या तर दाखवीनात. म्हणाल्या, लुगडं बघून म्हणतील सगळंच खोटं. मग बाजारादिवशी मला जामखेडला घेऊन गेल्या. फोटो पिशवीत घेतला होता. तीन दुकानांत रंग जुळंना. चौथ्यात बरोबर तसलं डाळिंबी पातळ मिळालं. आता ते नेसतात आणि येईल त्याला फोटो दाखवतात. म्हणतात, बघा, हाय का काही खोटं?'

पत्र वाचत होते तेव्हा सुधीर समोरच बसला होता. योगायोग असा की त्याच दिवशी तो दुरुस्त केलेला फोटो घेऊन आला होता. तीच आक्का, तेच डोळे, आणि लुगडं काळंभोर. घडीच्या रेघासुद्धा दिसत होत्या. त्याने त्यावर चार संध्याकाळी घालवल्या होत्या.

मी त्याला पत्र वाचून दाखवलं. त्याने हातातला फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाला, "आता हा पाठवायचा का, आत्या? हा खरा आहे."

मी तो फोटो त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या कपाटात ठेवला. चहा टाकला. तो दोनदा विचारून बघत होता, पाठवायचा का, पाठवायचा का. मी म्हटलं, "चहा घे, आणि तिकडे एक अक्षर कळवू नकोस. ती आत्ता कुठे फोटोवर विश्वास ठेवायला लागलीय."